दोन नंबर चौकातला अर्धा ठोका

बाईंशी सलग तीन मिनिटांपेक्षा जास्त बोललेला माणूस गोंदियात सापडायचा नाही. त्यांची उमेदीची सगळी वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक कॉल जोडण्यात गेली होती. तिथं तीन मिनिटं भरली की ऑपरेटर मध्येच विचारत असे, "वाढवायचे का?" पुढे ट्रंक कॉल गेले, बाई निवृत्त झाल्या, पण ती तीन मिनिटं त्यांच्या अंगात राहून गेली. समोरचा माणूस मुलीच्या लग्नाचं सांगत असो की गुडघ्याच्या ऑपरेशनचं, बाई नीट ऐकत, मान हलवत, आणि वेळ भरली की म्हणत, "तीन मिनिटं झाली." त्या घड्याळाकडे पाहत नसत. मी दोन-चारदा माझ्या घड्याळावर ताडून पाहिलं होतं. फरक निघालाच तर चार-पाच सेकंदांचा.

बाईंना जाऊन आता पाच महिने झाले. त्यांच्याविषयी लिहायचं म्हणून मी रोज टेबलाशी बसतो, एखादा परिच्छेद लिहितो आणि थांबतो. आता मागून कुणीतरी 'वाढवायचे का?' असं विचारेल, असं वाटत राहतं.

निवृत्तीनंतर बाई सहा महिने अमेरिकेत राहून आल्या होत्या. भाचीचं बाळंतपण होतं. तिथून परतताना लोक चॉकलेटं आणतात, बाईंनी नाच आणला. तिकडे एका संध्याकाळी थंडी वाजते म्हणून त्या एका हॉलमध्ये शिरल्या, तर आत म्हातारीकोतारी माणसं चौकोन करून नाचत होती. पुढचं त्या स्वतः सांगत, आणि हे सांगणं बरोबर तीन मिनिटांचं होतं.

"आपल्याकडे मी कुठंबी गेली का पहिला प्रश्न, सोबत कोन आहे? लग्नात तेच, डॉक्टरकडे तेच, देवळातबी तेच. मी लग्न नाही केलं, तर सोबत कोन राहील बाप्पा? अन् तिथं एका बुढ्यानं दारातच हात पुढं केला. नाव नाही विचारलं, गाव नाही विचारलं, सोबत कोन ते तर नाहीच. एका चौकात एक जागा रिकामी होती, तिथं नेऊन मले उभं केलं. बस. तीन मिनिटं झाली."

गोंदियात परत आल्यावर त्यांनी स्वतःच्या हातानं एक पाटी रंगवली. 'चौक नाच मंडळ. एकटे या, जोडीनं या. रविवार, पाच वाजता.' जागा होती एका बंद पडलेल्या राइस मिलची. धान वाळवण्यासाठी केलेलं तिचं सिमेंटचं अंगण असं गुळगुळीत होतं की तिथं दुसरं काही करणं चूक ठरलं असतं. पावसाळ्यात आम्ही गोदामात नाचत असू, तेव्हा घरी गेल्यावर केसांतून धानाचा कोंडा निघे. मिलचे मालक शेठ आणि त्यांच्या शेठाणी हे मंडळाचे पहिले सभासद. जागेचे मालक म्हणून आपल्याला बसून बघता येईल, अशी शेठची समजूत होती.

"दीदी, हम तो बैठ के देखेंगे," ते पहिल्या दिवशी म्हणाले.

"बैठना है तो घर में बैठो. यहाँ कुर्सी नहीं है."

खुर्ची खरोखरच नव्हती. फक्त एक उंच स्टूल होतं, बाईंनी एक्स्चेंजच्या लिलावातून आणलेलं. त्यावर फक्त बाई बसत. बाकी मंडळात बसण्याची सोय नाही, हा नियम होता.

ज्यांनी हा नाच पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. चार जोड्या एका चौकाच्या चार बाजूंना तोंडं आत करून उभ्या राहतात. जोडीतली बाई पुरुषाच्या उजव्या हाताला. बाहेरून एक जण आवाज देतो आणि त्याप्रमाणे आठ जण फिरतात, जागा बदलतात, अखेरीस आपल्या जागेवर येतात. पुढे काय येणार हे नाचणाऱ्याला माहीत नसतं. कान उघडे ठेवायचे, एवढंच. बाईंनी सगळ्या आवाजांना आपली नावं दिली होती. जोडीनं गोल चालायचं म्हणजे 'वरात'. एकमेकांच्या हाताखालून जायचं ती 'साखळी'. जागच्या जागी उजवीकडून एक गिरकी घ्यायची ती 'उजवी भिंगरी'. आणि शेवटी, "आपापल्या घरी!" त्यांचा आवाज एवढा स्वच्छ होता की फाटकाबाहेरचे ई-रिक्षावालेदेखील ते ऐकून आपोआप एका रांगेत उभे राहत.

खरी अडचण हातांची होती. परक्या पुरुषाचा हात धरायचा कसा? पहिल्या रविवारी बायका भिंतीशी आणि पुरुष फाटकाशी उभे राहिले. बाईंनी दोन्हीकडे पाहिलं आणि एका शेतकऱ्याच्या खांद्यावरचा दुपट्टा ओढून घेतला.

"हात नका धरू. याचं एक टोक तुम्ही धरा, एक त्या धरतीन. यात काही वाईट आहे काय?"

त्यात काहीच वाईट नव्हतं. त्या दिवसापासून प्रत्येक जोडीचा एक दुपट्टा ठरला. गोदामाच्या भिंतीत ओळीनं खिळे मारले गेले आणि नाच संपला की दुपट्टे तिथं टांगले जाऊ लागले. ज्याचा दुपट्टा ओढला गेला तो तुळशीराम. नवरा-बायको मोटारसायकलवरून गावाहून येत. तुळशीरामनं तरुणपणी दंडारीच्या लोकनाट्यात बाईचं काम केलेलं, त्यामुळे लाजणं हा प्रकार त्याच्याकडे शिल्लक नव्हता.

"आमच्या धानाच्या बांधीत सारसाची जोडी येते, बाई," तो एकदा म्हणाला. "ते बी असेच नाचतेत. काही शिकवा लागत नाही त्यायले."

"त्यायले आवाज कोन देते?"

"कोनी नाही जी."

"मग तू त्यायच्यातच जात जा."

आता आम्ही तिथं कसे पोचलो ते. मी एका महाविद्यालयाचा ग्रंथपाल होतो. आयुष्यभर लोकांना 'हळू बोला' असं सांगण्यात गेलं, आणि माझा स्वतःचा आवाज त्यातच बसला. पाटी वाचली ती माझ्या पत्नीनं. ई-रिक्षा थांबवून ती म्हणाली, "उतरा." मी उतरलो, कारण मला वाटलं भाजी घ्यायची आहे. माझ्या हातात पुस्तक होतं. दारात बाईंनी आमच्याकडे पाहिलं. कोण, कुठले, काही नाही. मला म्हणाल्या, "सर, पुस्तक खिळ्याले टांगा."

"पुस्तक खिळ्याला टांगता येत नाही."

"मग तिकडं पोत्यावर ठेवा. वहिनी, तुम्ही दोन नंबर चौकात."

शेठना 'दो नंबर' हा शब्द आवडत नसे. "दीदी, धंधेवाले आदमी को दो नंबर में खड़ा मत करो," असं ते दर रविवारी म्हणत आणि दर रविवारी तिथंच उभे राहत. दोन नंबर चौकात मी आणि माझी पत्नी, शेठ आणि शेठाणी, तुळशीराम आणि त्याची बायको, आणि चौथ्या बाजूला दोन एकटी माणसं होती. रेल्वेचे निवृत्त गार्डसाहेब, आणि सरकारी दवाखान्यातल्या सिस्टर, ज्या चिचगडहून बदलून आल्या होत्या. या दोघांनी वर्षभर दुपट्टा इतका ताणून धरला की तो हातभर लांब झाला असावा.

माझी पत्नी चुकायची. सगळं नीट करायची, पण 'उजवी भिंगरी' म्हटलं की डावीकडे फिरायची. मग तिच्या लक्षात यायचं, ती हसायची, पुन्हा उजवीकडून फिरायची, आणि तोवर वरात अर्धा ठोका खोळंबायची. बाईंनी सगळे उपाय केले. तिच्या उजव्या मनगटाला लाल दोरा बांधला. उजव्या हातात बांगड्या जास्त घालायला लावल्या. "वहिनी, जेवता त्या हाताकडं!" असं ओरडून पाहिलं. काही उपयोग झाला नाही. शेवटी चौकानंच स्वतःला तिच्यावर बेतून घेतलं. उजवी भिंगरी झाली की आमचा चौक अर्धा ठोका थांबे, तिला येऊ देई, आणि मग वरात निघे. एक नंबर चौक सरळ पुढे जाई.

मी घरी एकदा तिला विचारलं, "तुला डावं-उजवं कळत नाही का?"

"कळतं की."

"मग?"

"डावीकडे तुम्ही उभे असता. तुम्ही आहात ना तिथं, ते बघते आणि मग फिरते. नाही तर मी फिरायची आणि तुम्ही पुस्तकाकडे निघून गेलेले असायचे."

 

मंडळाचा आणखी एक नियम सांगायला हवा. धानाच्या रोवणीच्या दिवसांत तुळशीरामची बायको यायची नाही, गार्डसाहेब मुलाकडे जायचे. तेव्हा चौकात माणूस कमी पडे. बाई दुसऱ्याला तिथं उभं करत नसत. नसलेल्या माणसाची जागा तशीच राही. तिच्या वाट्याचे ठोके सगळ्यांनी सोडायचे, दुपट्ट्याचं एक टोक लोंबत ठेवायचं. "अमेरिकेत याले भूत म्हनतेत," असं त्यांनी पहिल्यांदा सांगितलं, तेव्हा शेठाणी चौकातून बाहेर पडून थेट तुळशीवृंदावनापाशी जाऊन उभ्या राहिल्या. "भूत के साथ मैं नहीं नाचूँगी!" मग बाईंनी आपल्या खात्यातला शब्द काढला. 'होल्ड.' गार्डसाहेब आज होल्डवर. लाइन धरून ठेवा. शेठाणींची त्याला हरकत नव्हती.

माझी पत्नी उन्हाळ्याच्या तोंडाशी गेली. आजार चार दिवसांचा होता. भेटायला येणारे लोक तासन्‌तास बसत आणि सगळे एकच वाक्य बोलत. बाई आल्या, खुर्चीच्या कडेवर बसल्या, पाणी प्यायल्या, तिच्या फोटोकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, "तीन मिनिटं झाली. रविवारी पाच वाजता." आणि गेल्या. नातेवाईकांना त्याचा राग आला. मला तेवढ्यापुरतं मोकळं वाटलं होतं.

पण मी गेलो नाही. दोन महिने गेलो नाही. मग एका सकाळी बाई पुन्हा दारात उभ्या.

"सर, तुम्ही काऊन येऊन नाही राहिले?"

"चौक अपुरा राहील माझ्यामुळे."

"वहिनी होल्डवर आहेत. तुमचं तुम्ही या."

मी आयुष्यात कुणावर ओरडलो नव्हतो. त्या दिवशी आवाज चढला. "बाई, ती होल्डवर नाही. लाइन कटली आहे. तुमच्या खात्याला तरी हे कळायला पाहिजे."

बाई काही वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. मी वाट पाहत होतो, पण त्यांचं ते नेहमीचं वाक्य आलं नाही. पाच मिनिटं तरी गेली असतील. मग त्या म्हणाल्या, "लाइन कटली तरी बोर्डातली खुंटी लगेच नाही काढत आम्ही, सर. समोरचा बोलून राहिला असते." आणि पायऱ्या उतरून गेल्या.

मी रविवारी गेलो. दुपट्ट्याचं एक टोक माझ्या हातात, दुसरं लोंबत. लोक माझ्याशी जपून बोलत, ते मला आवडत नसे. नाचताना मात्र कुणाला जपायला सवड नसे, ते बरं होतं.

मग ज्येष्ठ नागरिकांचा मेळावा आला. मंडळाला बोलावणं होतं. सगळ्यांनी सारख्या टोप्या घातल्या, शेठनी बूट पॉलिश केले. दोन्ही चौक शेजारी शेजारी, आणि वरातीत दोन्ही मिळून एक लांब रांग व्हायची होती. बाईंनी आवाज दिला, "उजवी भिंगरी!" सगळे फिरले. "वरात!" एक नंबर चौक निघाला. दोन नंबर चौक, सातच्या सात माणसं, अर्धा ठोका थांबला.

जिच्यासाठी थांबत होतो ती नव्हती. हे कुणी ठरवलेलं नव्हतं. पायांना तशी सवय होती, इतकंच. एक नंबरचा शेवटचा माणूस शेठवर आदळला, शेठ गार्डसाहेबांवर, टोपी घरंगळत थेट पाहुण्यांच्या पायांशी गेली, आणि तुळशीराम मोठ्यानं म्हणाला, "थांबा जी, वहिनी येऊ द्या!" म्हणून झाल्यावर त्यानं जीभ चावली. प्रेक्षक हसत होते. त्यांना तो विनोदी प्रवेश वाटला असावा. टाळ्या चांगल्या पडल्या.

बाई कुणालाच रागावल्या नाहीत. मी मात्र त्या रात्री ठरवलं. माझ्या गेलेल्या पत्नीपायी सगळा चौक चारचौघांत फजीत होणार असेल, तर तिची जागा भरली पाहिजे, आणि ती भरण्याची एक वाट होती. मंडळात एक नवीन शिक्षिका आल्या होत्या, एकट्या. आमच्या जागी त्या आणि त्यांच्याबरोबर दुसरा कुणी तरी उभा राहील आणि मी बाहेर पडेन. आमचा दुपट्टा, हिरव्या काठाचा पांढरा, मी घरी आणला, धुतला, इस्त्री केला, कागदात गुंडाळला. पुढच्या रविवारी तो बाईंच्या हातात द्यायचा आणि नमस्कार करून निघायचं.

मी गेलो तर बाई स्टुलाशेजारी उभ्या होत्या, गळ्याला मफलर. काय झालं, असं मी विचारायच्या आत त्यांनी गळ्याकडे बोट दाखवलं आणि हात हलवला. घसा बसला होता. मग त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं आणि मग स्टुलाकडे.

"मी?"

त्यांनी मान हलवली. कारण मंडळात सगळ्यांना माहीत होतं. ग्रंथपालाच्या खोडीप्रमाणे मी बाईंचे सगळे आवाज कार्डांवर उतरवून ठेवले होते, विषयवार, एका लाकडी डबीत. बाई त्यावर हसत. "सर, नाच कपाटात ठेवता येत नाही," म्हणत. आज ती डबी त्यांनीच कुठून तरी काढून स्टुलावर ठेवली होती.

मी बसलो. त्या स्टुलावर दुसरं माणूस बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. दुपट्ट्याचं पुडकं माझ्या मांडीवर होतं. बाईंनी ते उचललं, कागद फाडला, दुपट्टा झटकला आणि दोन नंबर चौकात जाऊन उभ्या राहिल्या. माझ्या पत्नीच्या जागेवर. तिचं टोक त्यांच्या हातात होतं. माझं टोक लोंबत होतं.

बाईंना नाचताना आम्ही कधीच पाहिलेलं नव्हतं. "मी नाचली तर ओरडंल कोन?" हे त्यांचं ठरलेलं उत्तर असे.

मी पहिलं कार्ड वाचलं. माझा आवाज तिसऱ्या माणसापर्यंतही पोचला नाही. "सर, थोडं जोरानं," शिक्षिका म्हणाल्या. तुळशीराम म्हणाला, "सर कायले जोरानं बोलतीन? आपनच चूप रहा ना." आणि सगळे गप्प झाले. गाण्याचा आवाज कमी केला गेला. त्या मोठ्या अंगणात सोळा माणसं श्वास धरून माझं ऐकू लागली. इतकी शांतता मला वाचनालयातही कधी मिळाली नव्हती.

साखळी झाली. जागा बदलल्या, पुन्हा घरी आले. बाई सुरेख नाचत होत्या, अंगात हलकेपणा होता. मला कळेना, एवढं येत असून या बाईनं इतकी वर्षं स्टुलावर काढली कशी.

मग ते कार्ड आलं. मी वाचलं, "उजवी भिंगरी."

सगळे उजवीकडे फिरले. बाई डावीकडे फिरल्या. मनगटाला दोरा बांधणाऱ्या, जेवता त्या हाताकडं म्हणून ओरडणाऱ्या बाई आधी डावीकडे वळल्या, त्या रिकाम्या टोकाकडे, जिथं मी असायचो तिकडे नीट पाहिलं, मग मान वर करून स्टुलावर मला शोधलं, आणि मी आहे असं दिसल्यावर उजवीकडून फिरल्या.

चौक त्यांच्यासाठी अर्धा ठोका थांबला.

मला पुढचं कार्ड दिसेना. पण ते पाठ होतं. "वरात," मी म्हणालो.

नाच संपल्यावर शेठाणींनी डोळे पुसले आणि आलुबोंड्यांच्या पुड्याकडे वळल्या. बाईंनी दुपट्टा माझ्या हातात दिला आणि मफलर सारखा करत फाटकाबाहेर गेल्या. दोन मिनिटांनी बाहेरून त्यांचा आवाज आला, पूर्वीसारखा, स्वच्छ, तीन गल्ल्या ऐकू जाईल असा.

"वांगे कसे दिले व? अन् हे कायले सडके टाकून राहिली?"

सिस्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "घशाला काही नव्हतं, सर. मी सकाळीच बघितला."

दुपट्टा मी आमच्या खिळ्यावर टांगला.

बाई गेल्यापासून आवाज मीच देतो, हळूच. लोक गप्प राहून ऐकतात. मंडळात आता तिसरा चौक झाला आहे, आणि दोन नंबर चौकात नवी माणसं आली आहेत, माझ्या पत्नीला आणि बाईंना न पाहिलेली. उजवी भिंगरी झाली की तो चौक अजून अर्धा ठोका थांबतो. परवा एका नव्या जोडप्यातल्या बाईनं तुळशीरामला विचारलं, "भाऊ, इथं काऊन थांबायचं?"

तुळशीरामनं एकदा माझ्याकडे पाहिलं.

"इथं थांबतेतच जी," तो म्हणाला.